धुकं उठेपर्यंत

उद्यानाच्या फाटकावरच्या वनरक्षकाचा फोन आला तेव्हा मधली मोठ्या घरातल्या शेवटच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होती.

"बाई, पाहुण्यांना कळवून टाका. फाटक बंद केलंय. धुकं असं दाट आहे की माझाच हात मला दिसत नाही. आणि हरणं सगळी रस्त्यावर येऊन बसलीत."

"रस्त्यावर?"

"डांबर उबदार लागतं त्यांना. उठवायचं म्हटलं तरी आधी दिसायला तर हवीत."

मधलीने फोन ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. एरवी त्या खिडकीत काठोकाठ समुद्र भरलेला असायचा. आज तिथे काहीच नव्हतं. पोहण्याचा तलाव अर्ध्यावर संपला होता, सुरूची झाडं कुणी पुसून टाकल्यासारखी गेली होती. लाटांचा आवाज तेवढा होता, पण तो समोरून येत नव्हता. तो छतावरून, भिंतींतून, गादीखालून, कुठूनही आल्यासारखा वाटत होता.

मधली म्हणजे मधल्या मुलाची बायको. म्हणजे एकेकाळची. घटस्फोट होऊन बरीच वर्षं लोटली, पण नाव काही सुटलं नाही. थोरली जाऊ म्हणायची, "नवरा सोडता येतो गं, सासू कशी सोडणार? तिच्यासाठी कुठल्या कोर्टात जायचं?" आणि मधली हसायची, कारण ते खरंच होतं. मधला दूरच्या शहरात पूल बांधायला गेला आणि पुलांचाच झाला. दोघांत भांडण असं कधी झालंच नाही. बोलणं ओहोटीच्या पाण्यासारखं हळूहळू मागे सरत गेलं आणि एक दिवस पाहतात तो मध्ये नुसती वाळू. त्याने दुसरा संसार मांडला. तिने ही तीन घरं उभी केली.

उभी तशी सासऱ्यांनी केली होती. होड्या बांधणारा माणूस, त्याने राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून, समुद्राकडे तोंड करून ही घरं बांधली. एक मोठं, एक काचेचं, आणि एक अगदी उद्यानाच्या कुंपणाजवळचं, लहानसं. पण लोकांनी वर्षभर आधी दिवस धरून ठेवावेत, दूरदूरच्या शहरांतून इथे येऊन चार दिवस मोठ्याने बोलणंही विसरावं, अशी ती मधलीने केली. स्वतः ती कुंपणाजवळच्या घराच्या एका खोलीत राहायची. बाकीच्या खोल्या पाहुण्यांच्या.

आणि नेमकं आज आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळ्यांना बोलावलं होतं. पाहुणे यायच्या आत बोलून घेऊ, म्हणून सगळे भल्या सकाळी खाडीपलीकडून येऊन थडकले होते. आता फाटक बंद म्हणजे ना कुणाला येता येत होतं, ना कुणाला जाता.

आई काठी टेकत दारात आल्या. "कुणाचा फोन?"

"वनरक्षकाचा. धुकं उठेपर्यंत पाहुणे येत नाहीत."

आईंनी खोलीभर नजर फिरवली. घडी न मोडलेली पांघरुणं, फुलदाणीतली पांढरी फुलं, टोपलीतली फळं. स्वयंपाकघरातून भाजलेल्या माशाचा वास येत होता. स्वयंपाकीण पहाटेच सगळं करून गेली होती.

"मग हे सगळं काय धुक्याला वाढायचं?" आई म्हणाल्या. "आज आपणच राहू इथे. मी आजवर या पलंगावर बसलेसुद्धा नाही. आणि तू तो अभ्रा ठेव खाली. आज तू काही करायचं नाहीस."

तो दिवस पुढे कसा गेला ते नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. घड्याळं होती, पण उजेड हलतच नव्हता. सकाळीही तोच करडा उजेड, दुपारीही तोच. थोरला जमिनीची मोजणी करणारा माणूस, तो सवयीने खोल्यांतून पावलं टाकत हिंडला आणि "बाबांनी ही भिंत जराशी तिरकी घेतलीय" असं जाहीर करून मोकळा झाला. थोरली एरवी घरांच्या चादरी धुणारी शेड सांभाळायची. ती मोठ्या टबात गरम पाणी सोडून बसली आणि कुणी हाक मारली तरी बाहेर येईना. मधला कॉफीच्या यंत्रासमोर उभा राहून त्याची बटणं पुलाच्या नकाशासारखी वाचत होता. त्याची बायको, जिला घरात सगळे अजून नवीच म्हणत, काचेला नाक लावून धुक्यात पाहत बसली होती. ती दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून ती नवऱ्याबरोबर कायमची इकडे यायला निघाली होती. म्हणूनच तर ही बैठक.

जेवायला सगळे लांब टेबलाभोवती बसले. मधली दोनदा उठली, दोन्ही वेळा आईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. मासा संपत आला तसा आईंनी घसा साफ केला.

"मला डोळ्यांदेखत सगळं मार्गी लावायचंय. खाडीपलीकडचं राहतं घर आणि होड्यांची शेड थोरल्याला. धाकट्या लेकीला माझे दागिने. ती दूरदेशी सुखात आहे, तिला घरं नकोतच. ही तिन्ही घरं मधल्याच्या नावावर." त्या जरा थांबल्या. मग मधलीकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाल्या, "आणि किल्ल्या हिच्याकडे. आत्ता आहेत तशाच. हिला कुणी ऊठ म्हणायचं नाही. हे माझं सगळ्यांना सांगणं आहे."

टेबलाभोवती श्वास सुटल्याचं ऐकू आलं. मधल्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आई, खरंच, याहून चांगलं काय असणार?"

"साप मरावा आणि काठी मोडू नये, असं झालं," थोरला म्हणाला.

"यात साप कोण?" थोरलीने विचारलं.

सगळे हसले. मधलीही हसली. तिने पावाची टोपली नवीकडे सरकवली, नवीने ती घेतली आणि तिच्याकडे पाहतच राहिली. सगळ्यांनी मिळून आपल्याला काहीतरी दिलंय हे मधलीला कळत होतं. आपल्याला आनंद व्हायला हवा, हेही कळत होतं. पण छातीत कुठेतरी गार वारा शिरल्यासारखं होत होतं आणि ते दार कुठलं उघडं राहिलंय ते तिला सापडेना.

"मी जरा पडते," ती म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून दिवसाउजेडी कुणी कधी ऐकलं नव्हतं. थोरलीने हात पुढे करून तिच्या कपाळाला लावून पाहिला.

समुद्राकडच्या खोलीतल्या पलंगावर ती आडवी झाली. या पलंगावर तिने किती वेळा चादर घातली असेल, त्याची गणती नव्हती. उशीवर डोकं टेकलं तेव्हा तिला दिसलं की छताची तुळई होडीच्या कण्यासारखी वाकवलेली आहे. उभ्याने काम करताना ते कधी दिसलंच नव्हतं. पाहुण्यांना मात्र हे रोज दिसत असणार. खाली पाठ टेकली की आपण पालथ्या होडीखाली झोपलोय आणि वरून समुद्र जातोय असं वाटत असणार. सासऱ्यांनी हे कुणालाही न सांगता करून ठेवलं होतं. तिने डोळे मिटले, तरी ती तुळई दिसत राहिली.

तिला स्वप्न पडलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. चादरी पांढऱ्या, ओलसर, आणि कितीही घड्या घातल्या तरी टोक हाती येत नव्हतं, कारण त्या चादरी नव्हत्याच, धुकं होतं. ती घड्या घालत गेली, घालत गेली, आणि अगदी शेवटच्या घडीखाली काड्यापेटीएवढं एक घर निघालं. दारासकट, कौलांसकट. कुणीतरी विचारलं, हे कुणाचं गं? तिला उत्तर येत होतं. पण तिचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात राहिला होता.

"ताई. हलू नका. हळूच बघा."

नवी काचेपाशी जमिनीवर मांडी घालून बसली होती. ती केव्हा आली कळलंच नव्हतं. काचेपलीकडे, तलावाच्या कडेला, एक हरिणी उभी होती. तिचे मागचे पाय धुक्यातच राहिले होते. तिने पाण्याला नाक लावलं, वास आवडला नसावा, मान वर केली, आणि दोघींकडे अशी बघत राहिली की जणू काचेच्या आत काहीतरी विचित्र प्राणी ठेवलेत.

"कुंपणाखालून आली असेल," मधली कुजबुजली. "माझ्या खोलीपाशी रोज येतात."

"घाबरत नाहीत?"

"मीच पहिल्यांदा घाबरले होते."

हरिणी मागे सरली. ती गेली असं नाही, विरली. दोघी बराच वेळ तिच्या जागेकडे बघत राहिल्या.

"ताई, एक विचारू? मघाचं ते तुम्हाला मान्य आहे?"

"तुला?"

"मला विचारलंय कुणी?"

दोघींना एकदम हसू आलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मधलीने उशीत तोंड खुपसलं.

"माझ्यासमोर माणसं दिवसभर आ करून बसायची," नवी म्हणाली. "आ केलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. या घरात मात्र सगळे दात मिटून हसतात. तुम्हीसुद्धा. मघाशी टेबलावर मी तेच बघत होते." ती अजूनही काचेकडेच तोंड करून बोलत होती. "किल्ल्या तुमच्या कमरेला आणि मालकीण मी, असं मला जमणार नाही. रोज तुमच्यासमोर मला ओशाळवाणं वाटेल, आणि मग थोड्या दिवसांनी मी तुमचा राग करायला लागेन. मी तशी काही फार चांगली बाई नाही."

मधली उठून बसली. पांघरुणाची घडी मोडली होती, आणि ती सारखी करावी असं तिला वाटलं नाही.

"कुंपणाजवळचं घर मला हवंय," ती म्हणाली.

बोलून झाल्यावर ती स्वतःच चपापली. हे तिने कधी मनातही असं सरळ म्हटलं नव्हतं. नवीने वळून पाहिलं आणि मान डोलावली, दाढेत दुखतंय ते नेमकं सापडल्यासारखी.

"मग बोला ना."

चहाच्या वेळी सगळे पुन्हा बैठकीत जमले. थोरली टबातून लालबुंद होऊन आली होती, तिच्या डोक्याला पाहुण्यांचा पांढरा पंचा गुंडाळलेला होता. मधलीने कप खाली ठेवला.

"आई, मला किल्ल्या नकोत. कुंपणाजवळचं घर माझ्या नावावर करून द्या. बाकीची दोन मधल्याला."

मग मधला पुढे सरकून बसला. "अगं, पण तुला मी कधी जा म्हटलंय का? पुढेही म्हणणार नाही. शप्पथ."

"मला माहीत आहे. तू भला माणूस आहेस, तू नाही म्हणायचास. पण जा म्हणायचा हक्क तुझ्याकडेच राहतो ना? रोज रात्री तुझ्या भलेपणावर डोकं टेकून झोपायचं, ते मला आता नको."

मधला पुन्हा खुर्चीत मागे सरकला.

थोरल्याने मोजणीची भाषा काढली. "ते घर वेगळं काढता येणार नाही. विहीर एक, वाट एक. आणि स्पष्ट बोलायचं तर बाबांची जमीन अशी बाहेरच्या माणसाला..."

तो मध्येच थांबला, पण शब्द सुटून गेला होता.

"म्हणजे तसं नाही गं," तो घाईने म्हणाला.

"कसं मग?" हे मधलीने विचारलं नाही. थोरलीने विचारलं. डोक्यावरचा पंचा तिने काढून मांडीवर ठेवला. "जन्मभर या घरांच्या चादरी धुतेय मी. मी आतली का बाहेरची, एकदा मोजून सांगा."

"तू कशाला मध्ये पडतेस? तू सून आहेस."

"तीही होतीच की सून."

"होती," थोरला म्हणाला.

"म्हणजे सून असेपर्यंत आतली, आणि कागद फाटला की बाहेरची," नवी म्हणाली. ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलत होती. "मग दादा, मी दोन घरांच्या मालकाची बायको व्हायला दवाखाना बंद करून आलेय, ते कशाच्या भरवशावर? उद्या याने मला सोडलं तर?"

"अगं, मी काय करणार आहे तुला!" मधला कळवळला.

"तू काहीच करत नाहीस. भीती त्याचीच आहे."

थोरली खो खो हसत सुटली. मधल्याने आशेने मधलीकडे पाहिलं. एकेकाळी असल्या प्रसंगी ती त्याची बाजू घ्यायची. आज तिने चहाचा घोट घेतला.

आई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा आक्रसला होता. "मी तुला लेकीसारखी सांभाळली," त्या मधलीला म्हणाल्या. "मुलगा तुझ्यापासून गेला तरी मी तुला जाऊ दिलं नाही. आणि आज तू माझ्याकडे वाटणी मागतेस?"

मधलीने हात मांडीखाली घेतले. "आई, तुम्ही मला लेकीपेक्षा जास्त माया दिलीत. ती मी मोजत नाही, तिची परतफेडही मला व्हायची नाही. पण माया तुमच्याबरोबर जाईल. मग मी कुठे राहू? या घरांत मी माझं सगळं वय घातलंय. मला एक दार असं हवंय, की जे मी लावून घेतलं तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही."

आई उठल्या. काठी खुर्चीलाच राहिली. त्या काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे पाठ करून. बाहेरचं पांढरेपण त्यांच्या पांढऱ्या केसांत मिसळून गेलं होतं, आणि मधलीला वाटलं, आई आता त्या हरिणीसारख्याच विरून जातील.

"मी लग्न होऊन होडीतून आले," आई म्हणाल्या. कुणाशी बोलत होत्या ते कळत नव्हतं. "स्वयंपाक येत नव्हता, भरतीची वेळ कळत नव्हती. काही चुकलं की माझे सासरे म्हणायचे, होड्या काय, घरच्याच आहेत, परत सोडून येऊ. चेष्टेनेच म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे." काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली, त्यांनी ती तळहाताने पुसली. "ह्यांनी ही घरं माझ्या नावावर केली, त्या रात्री मला या कुटुंबात पहिल्यांदा गाढ झोप लागली. ह्यांना नाही सांगितलं मी कधी. कुणालाच नाही. मला वाटलं होतं, ती चेष्टा माझ्यापाशीच संपली."

थोरला हातातल्या कपाकडे बघत होता.

"आणि आज मीच ती हिच्याशी केली. लाडाने केली, एवढाच फरक." त्या वळल्या. "थोरल्या."

"हं, आई."

"कुंपणाजवळचं घर हिचं. तू मोजून दे. पुढचं मागचं अंगण धरून."

"आणि वाट?"

"वाट सगळ्यांची. विहीरही. तेवढं भांडण पुढच्यांना राहू दे, नाहीतर तुम्ही एकमेकांकडे यायचे कशाला?"

थोरल्याने मान हलवली. मग त्याने मधलीकडे न बघताच विचारलं, "कुंपणाच्या बाजूला ती जुनी सुरूची रांग आहे ना, ती तुझ्या हद्दीत घेऊ?"

"घ्या, दादा," मधली म्हणाली. त्याला माफी मागता येत नव्हती, झाडं देता येत होती. तिने झाडं घेतली.

"मला कुणी काही विचारलंच नाही," मधला म्हणाला. तक्रार नव्हती ती, नवल होतं.

"वाटतं ना कसंतरीच?" नवीने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. मग ती मधलीकडे वळली. "ताई, हा मोसम संपेपर्यंत मला शिकवाल? पुढे आपापलं बघू. तुमचं घर तुम्ही पाहुण्यांना द्या, नाहीतर हरणांना द्या."

मधलीने मोठ्या आणि काचेच्या घराच्या किल्ल्या जुडग्यातून सोडवल्या. कड्या घट्ट बसल्या होत्या, नखाने निघेनात, तेव्हा मधला न सांगता उठला आणि त्याने त्या ताणून धरल्या. दोघांची डोकी क्षणभर जवळ आली. "तू मला सांगितलं का नाहीस आधी?" त्याने हळूच विचारलं. "मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वनरक्षक होता. वारा सुटलाय, हरणं उठलीत, फाटक उघडलं, तुमचे पाहुणे निघालेसुद्धा.

मग जी धांदल उडाली ती सांगायची सोय नाही. प्रत्येकाने कुठला तरी पलंग विसकटला होता. थोरलीने टबात वाळूचा थर ठेवला होता. थोरला आयुष्यात पहिल्यांदा अभ्रा घालायला गेला आणि स्वतःच अर्धा आत शिरला. मधली सवयीने सगळीकडे धावत होती, शेवटी नवीने तिला दारातच अडवलं.

"जा तुम्ही. मी सामोरी जाते त्यांना. चुकेन, तेव्हा उद्या सांगा."

मधली मागच्या दाराने बाहेर पडली. धुकं जमिनीपासून वर उठत चाललं होतं. आधी गवत आलं, मग झाडांचे बुंधे, मग दूरवर, कुणी हलकेच रेघ ओढावी तशी, समुद्राची कड. समोरच्या गाडीवाटेवर पाहुण्यांच्या गाडीचे दिवे पिवळे होऊन डुलत येत होते, आणि ती त्यांच्या दिशेने चालत नव्हती. पायांना ते नवीन होतं. पाय दोनदा अडखळले.

कुंपणाजवळच्या घराचं दार तिने उघडलं. पाहुण्यांसाठी राखलेल्या खोल्यांची दारंही एकेक करून उघडली, खिडक्या उघडल्या. काय करावं ते न सुचून ती मधल्या खोलीत नुसती उभी राहिली. ओल्या सुरूंचा वास आत आला.

बाहेर काठीचा आवाज आला. आई तिच्या मागोमाग आल्या होत्या, दमून, पदराने मानेवरचा घाम टिपत. खाडी ओलांडून आल्या की आई या घरात किती वेळा शिरत त्याला धरबंध नव्हता. दार लोटायचं, आत शिरायचं, फडताळ उघडून बघायचं, हे कालपर्यंत चालू होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघींपैकी कुणालाही कधी वाटलं नव्हतं.

आज त्या पायरीखालीच थांबल्या. उघड्या दारातून आत पाहिलं, मग मधलीकडे पाहिलं.

"आत येऊ का गं?" त्यांनी विचारलं.

मधलीला क्षणभर कळेना, त्या कुणाला विचारताहेत. तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"या ना, आई," ती म्हणाली, आणि हात पुढे करून त्यांना पायरी चढवून आत घेतलं.